अंथरुणाशी झुंज

बंगळुरूहून होसूरच्या रस्त्याने निघाले, की इलेक्ट्रॉनिक सिटी आणि हेब्बगोडी मागे पडल्यावर बोम्मसंद्रा लागते. आनेकल तालुक्यातले हे गाव आज ओळखले जाते ते कारखान्यांच्या वसाहतीमुळे. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिकाही इथेच येऊन संपते. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेले नारायण हृदयालय याच वसाहतीत आहे. हृदयशस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या खिशाला परवडावी, या एका ध्यासातून ते वाढत गेले आणि आज त्याच्या आवारात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात.

अशा मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत सकाळच्या राउंडला एक प्रश्न विचारला जातो. समोर सेप्सिसने घेरलेला रुग्ण असतो. जंतुसंसर्गाशी लढता लढता शरीराची प्रतिक्रिया बेभान होते आणि आपल्याच अवयवांवर उलटते, ती ही अवस्था. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, तो सावरून धरण्यासाठी नॉरॲड्रेनलिनचा पंप अखंड चालू असतो. घशात नळी, मानेत नळी, मनगटाच्या धमनीत नळी. आणि खाटेपाशी उभी असलेली फिजिओथेरपिस्ट विचारते, “डॉक्टर, आज यांना बसवायचं का?”

हा प्रश्न ऐकायला साधा, पण त्यात जीवघेणी जोखीम दडलेली आहे. धडधाकट माणूस झोपेतून उठून उभा राहिला, तरी अर्धा ते पाऊण लिटर रक्त क्षणार्धात पोटात आणि पायांत उतरते. निरोगी देह तत्काळ वाहिन्या आवळतो, हृदयाची गती वाढवतो आणि मेंदूकडे जाणारा प्रवाह राखतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सेप्सिसमध्ये नेमकी हीच राखण ढासळलेली असते. म्हणून कित्येक दशके या प्रश्नाला एकच उत्तर होते: हात लावू नका, पडून राहू द्या. ते उत्तर बदलायला शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांत कुणाची टवाळी झाली, कुणाकडे सरळ दुर्लक्ष झाले, आणि एकदा तर मिळालेला विजयच वैद्यकाने स्वतःच्या हाताने गमावला.

विश्रांतीवरचा विश्वास फार जुना. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी विश्रांती आणि वेदना या विषयावर दिलेली व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी ती शिरोधार्य मानली. मोडलेले हाड स्थिर ठेवले की जुळते. मग आजारी देहही स्थिर ठेवला की बरा होणार, असा तो सरळ हिशेब होता. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईने दोन-तीन आठवडे पाठ टेकून राहायचे, हा अलिखित कायदाच होता. त्या काळात अनेक रुग्ण शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडत आणि बऱ्या होत आलेल्या जखमेसह एखाद्या सकाळी अचानक दगावत. पायाच्या शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकलेली असे. याला दैवाचा घाला म्हणत. अंथरुणाकडे कुणी संशयाने पाहिले नाही.

पाहिले ते शिकागोच्या एमिल रीस यांनी. १८९९ साली या स्त्रीरोग शल्यविशारदाने अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की आपण शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना एक-दोन दिवसांत उठवतो, खायला देतो, चालवतो, आणि त्या लवकर सावरतात. एवढे धाडसी विधान करूनही काही घडले नाही. कुणी जोरदार विरोध केला असता, तर वाद तरी पेटला असता. रीस यांच्या वाट्याला आले ते मौन. जवळजवळ चाळीस वर्षे तो लेख ग्रंथालयात धूळ खात पडला.

दरम्यान कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग नावाचा शरीरशास्त्रज्ञ एका वेगळ्याच कोड्याशी झुंजत होता. विसाव्यापेक्षा श्रमात स्नायूला कितीतरी पट अधिक प्राणवायू लागतो. तो त्याला पोहोचतो कसा? क्रोग यांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडली आणि स्नायूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. स्वस्थ स्नायूत मोजक्याच केशवाहिन्या काळ्या दिसल्या, बाकीच्या मिटलेल्या. राबवलेल्या स्नायूत मात्र काळ्या रेघांचे दाट जाळे उमटले. हृदय रक्त ढकलते खरे, पण ते रक्त ऊतीच्या दाराशी न्यायचे की नाही, हे स्नायू आपल्या हालचालीने ठरवतो. या शोधासाठी क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. निश्चल पडलेल्या देहात रक्ताच्या असंख्य वाटा मिटून जातात, हा त्याचा दुसरा अर्थ रुग्णालयांपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला.

पुढचे पाऊल विद्वत्तेने टाकले नाही, ते एका हट्टी रुग्णाने टाकले. १९३८ साली डेट्रॉइटमध्ये डॅनियल लीथॉसर यांनी एका माणसाचे अपेंडिक्स काढले. त्याला पडून राहणे मंजूर नव्हते. डॉक्टरांनी बजावले, त्याने ऐकले नाही. तो उठला आणि थोड्याच अवधीत घरी चालता झाला. लीथॉसर बातमीची वाट पाहत राहिले: टाके उसवतील, ताप येईल, माणूस परत येईल. काहीच झाले नाही. उलट तो इतर रुग्णांपेक्षा लवकर कामाला लागला. दुसऱ्या एखाद्या शल्यविशारदाने ‘नशीबवान निघाला’ म्हणून विषय सोडला असता. लीथॉसर यांनी त्या अपवादाचा पाठलाग केला, एकामागून एक रुग्ण उठवले, नोंदी ठेवल्या आणि १९४६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मधल्या काळात महायुद्ध पेटले होते, खाटा आणि परिचारिका दोन्ही अपुऱ्या पडत होत्या. जे तर्काने पटले नव्हते, ते टंचाईने पटवले. १९४७ साली लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाला खिळण्याचे धोके अवयवागणिक मांडणारा लेख लिहिला. तो आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात.

शस्त्रक्रियेचे रुग्ण उठले, पण हृदयविकाराचे? तिथे तर पलंगाचे राज्य अढळ होते. झटका आलेल्या माणसाने चार ते सहा आठवडे हलायचे नाही, घासही दुसऱ्याने भरवायचा, असा दंडक. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातले वयोवृद्ध हृदयतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांना हा दंडक खटकत होता. आडव्या माणसाच्या पायांतले रक्त थकलेल्या हृदयाकडे लोटते आणि त्याच्यावरचा भार वाढवते. मग त्याला खुर्चीत का बसवू नये? हे काम त्यांनी बर्नार्ड लाउन या तरुण सहायकावर सोपवले. लाउन वॉर्डात आरामखुर्च्या घेऊन गेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी नाझी सलाम ठोकून त्यांचे स्वागत केले, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. रुग्णांवर अत्याचार चालला आहे, असेच त्या डॉक्टरांना वाटत होते. लाउन हटले नाहीत. रुग्णांचे चेहरे खुलले, झोपेच्या गोळ्या कमी झाल्या, घरी जाण्याची भाषा सुरू झाली. ८१ रुग्णांचा हा अनुभव १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे हळूहळू आठवड्यांचा पलंगवास मोडीत निघाला. हेच लाउन पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारणाऱ्यांत होते. त्या संघटनेला १९८५ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले.

लढाई जिंकल्यात जमा होती. आणि त्याच १९५२ साली, क्रोग यांच्याच शहरात, नकळत पराभवाचे बीज पडले.

त्या उन्हाळ्यात कोपनहेगनवर पोलिओची भीषण साथ कोसळली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले ३१ रुग्ण आले. त्यांतले २७ दगावले. श्वासाची यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हताश झालेल्या डॉक्टरांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. २७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्यासमोर ठेवण्यात आली. निळी पडलेली, स्वतःच्याच स्रावात गुदमरणारी. इब्सेन यांच्या सांगण्यावरून श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली गेली, त्यांनी हातातली रबरी पिशवी दाबली. हवा आत जाईना. मुलगी जिवाच्या आकांताने झगडत होती. जमलेले डॉक्टर आशा सोडून एकेक करून बाहेर पडू लागले. तेव्हा इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध टोचले. तिची धडपड थांबली, छाती सैल झाली आणि पिशवीतली हवा सरळ फुप्फुसात शिरली. निळी त्वचा पुन्हा गुलाबी झाली.

मग वैद्यकाच्या इतिहासात एकमेव म्हणावा असा प्रकार घडला. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशी बसले आणि महिनोन्‌महिने, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढल्या वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला. आज जगभर पसरलेल्या अशा विभागांचा तो पूर्वज.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते पोलिओचे रुग्ण जागे होते. पिशवी दाबणारे विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्याशी खेळत. पुढे हातांची जागा यंत्रांनी घेतली. यंत्राचा श्वास रुग्णाच्या श्वासाशी जुळेना, म्हणून गुंगीची औषधे आली. तीही कमी पडली, म्हणून स्नायू लुळे करणारी आली. त्या मुलीला वाचवण्यासाठी इब्सेन यांनी काही मिनिटांपुरती दिलेली गुंगी आठवडे-आठवडे चालू लागली. डेन्व्हरचे टॉमस पेटी यांनी साठच्या दशकात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण खुर्चीत बसलेले पाहिले होते. १९९८ मध्ये ते पुन्हा अशा विभागांबद्दल लिहायला बसले, तेव्हा त्यांना सगळीकडे निश्चल, बेशुद्ध, मृतवत देह दिसत होते. शस्त्रक्रियेच्या आणि हृदयाच्या वॉर्डातून हुसकावलेले अंथरूण अतिदक्षता विभागात सिंहासनावर बसले होते. हे घडवणारे लोक दुष्ट नव्हते. रुग्णाला यातना होऊ नयेत, याच भावनेने ते औषध वाढवत होते. म्हणून तर ही चूक इतकी वर्षे चूक म्हणून दिसली नाही.

इशारे येत होते. १९६६ साली डॅलसमध्ये पाच निरोगी तरुण तीन आठवडे अंथरुणात राहिले. उठले तेव्हा त्यांच्या देहाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीन दशकांच्या वयोमानाने जेवढी हानी झाली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी केली होती. १९८४ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरातून चार्ल्स बोल्टन यांनी पाच रुग्णांची हकीकत कळवली. त्यांचा आजार आटोक्यात आला होता, फुप्फुसे सुधारली होती, तरी व्हेंटिलेटर सुटत नव्हता. हातपाय लुळे. तपासात उघड झाले, की नसाच मेल्या होत्या. असे आणखी रुग्ण सापडत गेले आणि बहुतेकांच्या मुळाशी सेप्सिस निघाला. जंतू मारले जात होते, पण वाचलेला माणूस स्वतःच्या देहात कैद होत होता.

२००३ साली टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसे निकामी होऊनही वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर माग काढला. फुप्फुसे हाच दोष असणार, अशी सर्वांची समजूत होती. वर्षअखेर ती जवळजवळ पूर्ववत झाली होती. खचले होते ते स्नायू. विभागातून बाहेर पडतानाच या लोकांनी सरासरी १८ टक्के वजन गमावले होते, आणि वर्षानंतरही निम्मेच कामावर परतू शकले होते. या रुग्णांचे मध्यक वय होते ४५. घर चालवण्याच्या वयातली माणसे ही.

आणि आता या कथेची नायिका येते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात पॉली बेली या परिचारिका काम करत होत्या. त्याच रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञ रमोना हॉपकिन्स यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले होते, की अतिदक्षता विभागातून वाचलेल्यांची स्मृती आणि एकाग्रता वर्षभरानंतरही विस्कटलेली असते. आपण ज्यांना ‘बरे झाले’ म्हणून निरोप देतो, ते पुढे असे जगतात, हे बेली यांना सहन होईना. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आठ खाटांच्या श्वसन विभागात सगळा क्रमच उलटा केला. गुंगी कमी. रुग्ण जागा. आणि जागा झालेला रुग्ण शक्य तितक्या लवकर पायांवर.

त्या वेळी हे दृश्य पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकत असेल. तोंडात श्वासनळी असलेला माणूस वॉकरला धरून कॉरिडॉरमधून चालतो आहे. एका बाजूला परिचारिका, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्ट, कुणी व्हेंटिलेटर ढकलते आहे, कुणी मागून चाकांची खुर्ची आणते आहे, गुडघे वाकले तर बसवायला. एक नळी निसटली तर प्राण जातील. लोक हेच विचारत: नळी निसटली तर?

बेली यांनी वाद घातला नाही, नोंदी ठेवल्या. १०३ रुग्ण, १४४९ वेळा हालचाल: कधी खाटेच्या कडेला बसणे, कधी खुर्चीत, आणि निम्म्याहून अधिक वेळा चक्क चालणे. अनिष्ट प्रसंग एक टक्क्याहून कमी. कुणी गुडघ्यांवर बसले, पण इजा झाली नाही. कुणाचा रक्तदाब थोडा वेळ चढला किंवा उतरला. एकाची अन्न देण्याची नळी निघाली. आणि ज्या एका भीतीपोटी जगभरचे रुग्ण बांधल्यासारखे पडून होते, ती श्वासनळी हालचालीत एकदाही निसटली नाही. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. पाठोपाठ त्याच गटाने आणखी एक निरीक्षण मांडले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत झणझणीत अंजन तेच आहे. दुसऱ्या अतिदक्षता विभागांत पडून असलेले रुग्ण या विभागात हलवले, की चोवीस तासांत त्यांचे चालणे कितीतरी पटींनी वाढत असे. आजार तोच होता, देह तोच होता. बदलली होती ती भोवतालच्या माणसांची श्रद्धा.

शिकागोत जॉन क्रेस यांनी २००० मध्ये सिद्ध केले होते, की दररोज एकदा गुंगी थांबवून रुग्णाला जागे केले, तर व्हेंटिलेटरचे दिवस सातवरून पाचावर येतात. २००९ मध्ये तिथल्याच विल्यम श्वायकर्ट आणि सहकाऱ्यांनी १०४ रुग्णांच्या चाचणीत त्याला व्यायामाची जोड दिली. श्वासनळी घातल्यापासून दीड दिवसाच्या आसपास पहिली हालचाल. घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकणारे ५९ टक्के. नेहमीच्या उपचारात ३५. भ्रमाचे दिवस निम्म्यावर. एमिल रीस यांनी ज्या शहरात हाक दिली होती, तिथूनच एकशेदहा वर्षांनी होकार आला.

तरीही सेप्सिसचे कोडे बाकी होते. २००२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॅनियल डी बॅकर यांनी सेप्सिसच्या ५० रुग्णांच्या जिभेखाली एक चिमुकला कॅमेरा धरला. जिवंत माणसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पडद्यावर दिसू लागल्या, आणि त्यांतल्या कित्येक रिकाम्या किंवा थबकलेल्या. मोठ्या धमनीतला आकडा मॉनिटरवर समाधानकारक दिसत असतानाही तळाशी दुष्काळ होता, जसा धरण भरलेले असताना कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोहोचू नये. डी बॅकर यांनी वाहिन्या उघडणाऱ्या औषधाचा थेंब तिथे सोडला आणि त्या खुल्या झाल्या. म्हणजे वाटा नष्ट झाल्या नव्हत्या, मिटल्या होत्या.

क्रोग यांच्या शाईने ऐंशी वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आता सेप्सिसच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. राबणारा स्नायू आपल्या वाहिन्या उघडतो, पोटरी आवळली की शिरांतले रक्त हृदयाकडे उसळते. मग या रुग्णाचे पायच हलवले तर? ब्रिस्बेनमध्ये गीता कायंबू आणि सहकाऱ्यांनी सेप्सिसच्या ५० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पहिल्या ४८ तासांत व्यायाम सुरू केला. २०१५ मध्ये निकाल आला तो संमिश्र. विभागातून निघताना दोन्ही गटांत ठळक फरक नाही. सहा महिन्यांनी मात्र व्यायाम केलेल्यांनी आपली शारीरिक क्षमता कितीतरी चांगली असल्याचे सांगितले. २०१८ मध्ये बेल्जियममधून आणखी धिटाईचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सेप्टिक शॉकमधल्या, रक्तदाबाच्या औषधावर असलेल्या मोजक्या रुग्णांचे पाय पहिल्याच आठवड्यात खाटेवरच्या सायकलीने फिरवले. रक्तदाब कोसळला नाही, आणि मांडीच्या स्नायूचे तंतू शाबूत राहिले. ज्यांनी व्यायाम केला नव्हता, त्यांचे बारीक झाले होते.

आता विजयाचा जल्लोष व्हायला हवा होता. २०२२ साली मेलबर्नहून कॅरोल हॉजसन यांच्या नेतृत्वाखालील मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि सगळे थबकले. सहा देशांतले ७५० रुग्ण. अर्ध्यांना नेहमीपेक्षा अधिक आणि लवकर हालचाल. सहा महिन्यांत रुग्णालयाबाहेर जिवंत घालवलेले दिवस: १४३ विरुद्ध १४५. फरक नाहीच. आणि हालचालीशी निगडित अनिष्ट प्रसंग ९.२ टक्के, नेहमीच्या उपचारात ४.१. हॉजसन स्वतः फिजिओथेरपिस्ट. ज्या गोष्टीवर आयुष्य घालवले, तिच्याविरुद्ध जाणारा आकडा त्यांनी जसाच्या तसा जगापुढे ठेवला. या शोधाच्या इतिहासात माझ्या लेखी त्यांचे स्थान बेली यांच्या शेजारी आहे.

निकाल बारकाईने वाचणाऱ्यांना त्यात एक खूण दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या गटातले रुग्णही अंथरुणाला खिळलेले नव्हते. त्यांनाही रोज नऊ मिनिटांच्या आसपास सक्रिय हालचाल मिळत होती. म्हणजे सामना अंथरुणाशी नव्हताच. थोडी हालचाल आणि पुष्कळ हालचाल यांच्यात तो झाला, आणि पुष्कळाने काही जास्तीचे दिले नाही. पुढच्याच वर्षी शिकागोच्या २०० रुग्णांच्या चाचणीत दिसले, की पहिल्या एक-दोन दिवसांत उठवलेल्यांपैकी वर्षानंतर २४ टक्क्यांची बुद्धी मंदावलेली होती, उशिरा उठवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांची. हालचाल हेही औषधच ठरले: वेळ साधायची, मात्रा मोजायची. हॉजसन यांच्या पुढाकाराने २०१४ मध्येच तज्ज्ञांनी त्यासाठी हिरवा, पिवळा आणि लाल अशी सिग्नलसारखी खूण ठरवून दिली होती. रक्तदाबाच्या औषधाचा डोस चढता असेल, तर खाटेबाहेर काढायचे नाही. खाटेवरच पाय हलवायचे. डोस उतरला, की कडेला बसवायचे. मॉनिटरवर एक नजर, रुग्णाच्या चेहऱ्यावर दुसरी. घाम फुटला, नजर विरली, की लगेच आडवे करायचे आणि उद्या पुन्हा प्रयत्न.

आपल्यासाठी हे सारे दूरदेशीचे कौतुक नाही. २०१७ साली जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले सुमारे २९ लाख मृत्यू भारतातले. जे वाचतात, त्यांच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब कुणी मांडत नाही. ज्या पोलिओने कोपनहेगनला अतिदक्षता विभाग दिला, त्याच पोलिओने मुंबईला फिजिओथेरपीची शाळा दिली: पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने. देशातल्या या विद्येचा उगम तिथला. म्हणजे हे हात आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहेत. कमी आहेत, पण आहेत.

आणि बोम्मसंद्र्याच्या रुग्णालयसमूहाने आणखी एका बळाकडे जगाचे लक्ष वेधले. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे चार विद्यार्थी या ‘नारायण हेल्थ’ समूहाच्या कामाचा अभ्यास करायला बंगळुरूत आले. कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास ताटकळणारे नातेवाईक त्यांनी पाहिले: काळजीने व्याकूळ, मदतीला उत्सुक, आणि काय करावे हे कुणीच न सांगितलेले. त्या निरीक्षणातून नातेवाइकांना शुश्रूषेचे शिक्षण देणारा उपक्रम उभा राहिला. ‘नूरा हेल्थ’ या नावाने तो पुढे देशभर आणि देशाबाहेरही पसरला. हात कसे धुवायचे, व्यायाम कसा करून घ्यायचा, धोक्याच्या खुणा कोणत्या, हे सारे घरच्या माणसांना शिकवायचे. परदेशातल्या काही विभागांत एका रुग्णामागे एक परिचारिका असते. आपल्याकडे ती चैन नाही. पण आपल्याकडे दाराबाहेर सतरंजी टाकून रात्र काढणारी बहीण असते, मुलगा असतो, जावई असतो. सॉल्ट लेक सिटीत चार माणसांनी जे साधले, त्यातला काही वाटा, प्रशिक्षणानंतर आणि देखरेखीखाली, हे लोक उचलू शकतात.

म्हणून वाचकहो, आपले माणूस अतिदक्षता विभागात असेल, तर भेटीच्या वेळी डॉक्टरांना रक्तदाब आणि ताप यांच्या बरोबरीने आणखी दोन गोष्टी विचारा: आज गुंगीचे औषध कमी करता येईल का, आणि आज यांना बसवता येईल का? आजारापूर्वी ते किती चालत होते, कोणती कामे स्वतः करत होते, हे फिजिओथेरपिस्टला सांगा. त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र घरी ठेवू नका. स्वतःहून मात्र त्यांना उठवायला जाऊ नका; नळ्या, पंप आणि रक्तदाब यांचा हिशेब तिथल्या लोकांनाच ठाऊक असतो. उत्तर ‘आज नाही’ असे आले, तर ते माना, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.